निव्वळ किंमत आणि पुस्तकाचे दुकान

लंडनमधील स्ट्रँड या रस्त्यावर १४२ क्रमांकाच्या घरात ४ मे १८५२ रोजी एक सभा भरली होती. घर जॉन चॅपमन या प्रकाशक-पुस्तकविक्रेत्याचे. अध्यक्षस्थानी चार्ल्स डिकन्स. गणनयंत्राच्या कल्पनेने प्रसिद्धीस आलेला चार्ल्स बॅबेज सभेस उपस्थित होता. चॅपमनच्याच घरी राहून 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'च्या संपादनाचा भार वाहणारी मेरियन एव्हान्स, म्हणजे पुढे जॉर्ज एलियट या नावाने कीर्ती पावलेली कादंबरीकर्त्री, हीही तेथे होती. एवढी थोर मंडळी ज्या प्रश्नासाठी जमली होती तो प्रश्न वरकरणी अगदीच दुकानदारी स्वरूपाचा होता. प्रकाशकाने पुस्तकावर जी किंमत घातली असेल तिच्यापेक्षा कमी किमतीस ते विकण्याची विक्रेत्याला मोकळीक असावी की नसावी, एवढाच तो प्रश्न.

चॅपमन अमेरिकेतून पुस्तके मागवीत असे आणि अल्प नफ्यावर विकीत असे. लंडनच्या मोठ्या पुस्तकविक्रेत्यांनी संघटना करून सवलतीची मर्यादा दहा टक्क्यांवर बांधली होती, आणि ती ओलांडणाऱ्याला प्रकाशकांकडून माल मिळू नये असा बंदोबस्त केला होता. चॅपमन या बहिष्काराच्या तडाख्यात सापडला. त्याने प्रथम आपल्या नियतकालिकात लेख लिहून व मग ही सभा बोलावून प्रतिकार केला. विशेष हे की सभेतील लेखकवर्ग सवलत देणाऱ्याच्या बाजूचा होता. कार्लाइल आणि जॉन स्टुअर्ट मिल यांनीही आपली सहानुभूती त्याच बाजूस दिली. धान्यावरील आयातनिर्बंध १८४६ मध्ये उठले होते, खुल्या व्यापाराचे वारे वाहत होते, आणि धान्याला जो न्याय तोच पुस्तकाला, हा विचार त्या काळाला सहज पटणारा होता. लॉर्ड कॅम्बेल, इतिहासकार जॉर्ज ग्रोट आणि डीन मिलमन या तिघा पंचांनी त्याच महिन्यात संघटनेच्या विरुद्ध निकाल दिला. संघटना विसर्जित झाली.

ॲमेझॉनसारख्या महाकाय ऑनलाइन विक्रेत्यापुढे पुस्तकाचे लहान स्वतंत्र दुकान कसे टिकते, असा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. तो विचारताना, हे संकट इंटरनेटबरोबरच जन्मास आले असे पुष्कळांनी गृहीत धरलेले असते. वस्तुतः यंत्र तेवढे नवे आहे; भांडण जुनेच आहे. पुस्तकाची किंमत कोणी ठरवावी, ज्याने ते छापले त्याने की जो ते सर्वांत स्वस्त विकू शकतो त्याने, या एका प्रश्नाच्या उत्तरावर गेली पावणेदोनशे वर्षे लहान दुकानाचे आयुष्य अवलंबून राहिले आहे. इंग्लंड आणि फ्रान्स या दोन शेजाऱ्यांनी या प्रश्नाला जी परस्परविरुद्ध उत्तरे दिली, त्यांचा इतिहास म्हणूनच पाहण्याजोगा आहे.

पंचांच्या निकालानंतर इंग्लंडात काय झाले? पहिली काही वर्षे वाचक खूष होता. एका शिलिंगमागे दोन पेन्स, मग तीन पेन्स, म्हणजे छापील किमतीच्या चतुर्थांशापर्यंत सूट मिळणे हा रिवाजच पडला. ज्या दुकानाला तेवढी सूट देणे परवडेना त्याचे गिऱ्हाईक शेजारी जाऊ लागले, आणि ज्याला परवडे त्याला नफा उरेना. परगण्यांतील गावोगावचे विक्रेते कागद, दौती, खेळणी आणि शोभेच्या वस्तू विकून पोट भरू लागले. दुकानावर पाटी पुस्तकांची, पण फळ्यांवर पुस्तके मात्र नावालाच. शतक संपत आले तेव्हा प्रकाशकांनाच भीती वाटू लागली, की पुस्तके छापून ठेवायची, पण ती मांडून दाखवणारा माणूस उरणार नाही.

या भीतीतून फ्रेडरिक मॅकमिलन याने १८९० मध्ये एक प्रयोग केला. काही पुस्तकांवर त्याने 'नेट' म्हणजे 'निव्वळ' किंमत छापली. तिच्यात सवलतीला जागा नाही, आणि ती पाळण्याचे कबूल करील त्या विक्रेत्यालाच व्यापारी कमिशन मिळेल, अशी योजना होती. (या शब्दाला शंभर वर्षांनी जो दुसरा अर्थ चिकटला त्याने याच दुकानांची झोप उडवावी, हा भाषेचा एक विनोदच!) या योजनेखाली निघालेले पहिले पुस्तक आल्फ्रेड मार्शलचे 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' हे होते, किंमत निव्वळ साडेबारा शिलिंग. मागणी आणि पुरवठा यांच्या मिलाफातून किंमत कशी ठरते याचे विवेचन पिढ्यान्‌पिढ्या ज्या ग्रंथातून शिकवले गेले, त्या ग्रंथाचीच किंमत बाजाराच्या हातून काढून घेण्यात आली होती.

प्रयोग साधला. विक्रेत्यांची आणि प्रकाशकांची संघटना अनुक्रमे १८९५ व १८९६ मध्ये उभी राहिली आणि १ जानेवारी १९०० पासून निव्वळ किमतीचा करार अंमलात आला. त्याची पहिली कसोटी पाच वर्षांतच लागली, आणि ती पाहणाऱ्याला आजचे चित्र जुन्या आरशात पाहिल्यासारखे वाटते. 'द टाइम्स' या वृत्तपत्राने १९०५ मध्ये आपल्या वर्गणीदारांसाठी एक ग्रंथसंघ काढला. वर्गणीदाराला पुस्तके वाचायला फुकट मिळत आणि थोड्याच दिवसांत तीच पुस्तके 'वापरलेली' म्हणून मोठ्या सवलतीने विकली जात. वृत्तपत्राला पुस्तकांत नफा नको होता. त्याला वर्गणीदार हवे होते. पुस्तक हे आमिष होते. प्रकाशकांनी या संघाला व्यापारी दराने माल देणे थांबवले. वृत्तपत्राने प्रकाशकांना लुटारू ठरवणारा मजकूर छापला. राणी व्हिक्टोरियाच्या पत्रसंग्रहाच्या तीन गिनी किमतीवरून तर प्रकाशक जॉन मरे याने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९०८ मध्ये तो साडेसात हजार पौंडांना जिंकला. त्याच वर्षी वृत्तपत्राची मालकी बदलली आणि संघाने करार मान्य केला.

यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे हा करार टिकला. दुसऱ्या महायुद्धानंतर मक्तेदारीविरोधी कायदे कडक झाले तेव्हा त्याची न्यायालयात परीक्षा झाली. १९६२ चा तो निकाल मुळातून वाचावा असा आहे. करार मोडला तर साठा बाळगणारी दुकाने कमी होतील, पुस्तकांच्या किमती एकंदरीने वाढतील आणि छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटेल, असे न्यायालयास दिसले, आणि म्हणून त्याने करार लोकहिताचा ठरवला. इतर बहुतेक मालाच्या ठरीव किमती १९६४ च्या कायद्याने गेल्या, पुस्तके वाचली.

न्यायालयाच्या या तर्काच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती व्यापाराबाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. पुस्तकाचे दुकान खपाऊ पुस्तकांवर जगते आणि न खपणाऱ्या पुस्तकांमुळे दुकान ठरते. महिन्यात दोनशे प्रती उठणाऱ्या रहस्यकथेच्या नफ्यातून वर्षाला एक प्रत उठणाऱ्या काव्यसंग्रहाचे, भाषांतराचे, समीक्षाग्रंथाचे फळीवरचे भाडे भरले जाते. मोठ्या विक्रेत्याला सवलत द्यायची असते ती नेमकी त्या रहस्यकथेवर. अनोळखी कवीच्या संग्रहावर नव्हे. म्हणजे तो दुकानाचा सगळा धंदा पळवीत नाही, फक्त त्यातला लोण्याचा गोळा उचलतो. ताक तेवढे मागे राहते, आणि ताकावर दुकान चालत नाही.

अखेर हा करार न्यायालयाने मोडला नाही. प्रकाशकांनीच तो सोडला. साखळी-दुकाने आणि किराणा-महादुकाने यांचा रेटा वाढत गेला आणि १९९५ च्या शरद ऋतूत काही मोठ्या प्रकाशनसंस्था करारातून बाहेर पडल्या. प्रकाशकसंघाने तो पाळायला लावणे थांबवले. न्यायालयाने १९९७ मध्ये त्याला बेकायदा ठरवले, पण ते मृताचे दहन होते. योगायोग असा, की ॲमेझॉनने आपले दुकान जगासमोर उघडले ते याच १९९५ च्या जुलैमध्ये. इंग्लंडने कोट पाडायला आणि सैन्य वेशीवर यायला एकच वर्ष साधले.

आलेले सैन्यही नेहमीच्या दुकानदाराचे नव्हते. ॲमेझॉनला आपल्या पहिल्या पूर्ण नफ्याच्या वर्षासाठी २००३ पर्यंत थांबावे लागले. तोवर तोटा भांडवलदारांच्या पैशावर सोसला जात होता. 'द टाइम्स'ला वर्गणीदार हवे होते तसे याला गिऱ्हाईक हवे होते, ज्याला पुढे सर्व प्रकारचा माल विकता येईल. आणि पुस्तके नासत नाहीत, मोडत नाहीत, टपालाने सुखरूप जातात, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून आरंभ पुस्तकांपासून. हॅरी पॉटरचा शेवटचा भाग २००७ मध्ये निघाला तेव्हा छापील किंमत जवळजवळ अठरा पौंड होती आणि एका किराणा-महादुकानाने ते पाच पौंडांना विकले. प्रकाशकाकडून मिळणाऱ्या व्यापारी दरापेक्षा ही किंमत कमी असल्यामुळे काही लहान विक्रेत्यांनी आपल्या दुकानासाठी प्रती त्या महादुकानातूनच विकत आणल्या. पुस्तकविक्रेता किराणा दुकानाच्या रांगेत उभा आहे, असे हे दृश्य. पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेच्या गणनेत १९९५ मध्ये १८९४ स्वतंत्र दुकाने होती. २०१६ मध्ये ८६७ उरली.

फ्रान्समध्ये हीच गोष्ट उलट क्रमाने घडली. 'फ्नाक' या विक्रीसंस्थेने १९७४ मध्ये पॅरिसच्या माँपार्नास भागात पुस्तकांचा प्रचंड विभाग उघडला आणि सर्व पुस्तकांवर सरसकट वीस टक्के सूट जाहीर केली. पाठोपाठ १९७९ मध्ये अर्थमंत्री रने मोनोरी याने पुस्तकांच्या किमती पूर्ण मोकळ्या केल्या. याविरुद्ध जो माणूस उभा राहिला तो विक्रेता नव्हता. 'एदिस्यों द मिन्वी' या छोट्या प्रकाशनसंस्थेचा चालक जेरोम लँदों हा सॅम्युएल बेकेटचा प्रकाशक. अनेकांनी परत केलेली बेकेटची हस्तलिखिते त्याने स्वीकारली. 'मोलॉय' १९५१ मध्ये निघाली, 'गोदो' १९५२ मध्ये. नोबेल पारितोषिक आले १९६९ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत ही पुस्तके कोणत्या फळ्यांवर उभी होती, हा लँदोंच्या साऱ्या मोहिमेमागचा प्रश्न होता. उद्याच्या बेकेटला वाट पाहण्यासाठी जागा हवी असेल तर ती जागा राखणाऱ्या दुकानाला आजच्या खपाऊ पुस्तकाचा नफा मिळालाच पाहिजे. लंडनच्या न्यायालयाने १९६२ मध्ये जे हिशेबाने सिद्ध केले तेच लँदोंने आपल्या अनुभवातून मांडले. फरक एवढाच, की इंग्लंडात ते कराराने सांभाळले होते. फ्रान्सने त्याचा कायदा केला.

संस्कृतिमंत्री जाक लांग याच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १० ऑगस्ट १९८१ चा. तो १ जानेवारी १९८२ पासून लागू झाला. पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि कोणाही विक्रेत्याने तिच्यावर पाच टक्क्यांहून अधिक सूट देऊ नये, हा त्याचा गाभा. त्याचे दुसरे एक कलम कमी प्रसिद्ध आहे, पण कायद्याचा हेतू त्यात अधिक दिसतो. गिऱ्हाइकाने मागितलेले एखादे पुस्तक दुकानात नसेल तर ते मागवून देण्याची सेवा प्रत्येक विक्रेत्याने विनामूल्य दिली पाहिजे. संरक्षण मिळाले ते कर्तव्यासकट. विक्रेत्याला केवळ नफा राखून दिला असता तर १८५२ च्या लंडनमधल्या संघटनेत आणि या कायद्यात फारसे अंतर राहिले नसते.

इंटरनेट आले तेव्हा फ्रान्सचा कोट उभा होता, त्यामुळे लढाई किमतीवरून हटून टपालखर्चावर गेली. पुस्तक छापील किमतीलाच, पण घरपोच फुकट! ही सूट नव्हे तर काय? विक्रेत्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून व्हर्सायच्या न्यायालयाने २००७ मध्ये ही फुकट पोच थांबवण्याचा आदेश दिला. कंपनीने रोज हजार युरो दंड भरून ती चालू ठेवणे पत्करले. पुढे २०१४ मध्ये संसदेने कायदा करून फुकट पोच बंद केली, तर कंपनीने पोचेचा दर एक सेंट ठेवला. कायद्याच्या अक्षराला एक सेंट वाहिला, आणि आशय कचऱ्यात गेला. तेव्हा २०२१ च्या अखेरीस आणखी एक कायदा आला, आणि ऑक्टोबर २०२३ पासून पस्तीस युरोंखालील पुस्तकखरेदीवर पोचेसाठी किमान तीन युरो आकारणे बंधनकारक झाले. हे सारे वाचताना हसू येते. पण तीन युरोंसाठी एखाद्या देशाची संसद पुनःपुन्हा बसते, हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्या देशात आज तीन हजारांवर स्वतंत्र पुस्तकदुकाने आहेत.

एवढ्यावरून कायदा हेच एक औषध, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो इंग्लंडच्या पुढल्या इतिहासाने आवरला जातो. २०१६ नंतर तेथील स्वतंत्र दुकानांची संख्या कोणत्याही कायद्याविना पुन्हा वाढू लागली आणि २०२२ पर्यंत हजारावर गेली. 'वॉटरस्टोन्स' ही मोठी साखळी बुडू घातली होती. २०११ मध्ये तिची सूत्रे जेम्स डाँट याच्याकडे आली, जो स्वतः लंडनमधल्या एका लहान दुकानसमूहाचा संस्थापक होता. त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की प्रकाशकांकडून पैसे घेऊन पुस्तके दर्शनी भागात मांडण्याची प्रथा बंद केली, आणि कोणती पुस्तके कशी मांडायची हे त्या त्या शाखेतल्या माणसांवर सोपवले. साखळीला वाचवण्यासाठी तिच्या दुकानांना स्वतंत्र दुकानांसारखे वागू द्यावे लागले. मात्र या पुनरुज्जीवनाचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. एक हजार हा आकडा १८९४ च्या निम्म्याहून थोडाच अधिक आहे; आणि जी दुकाने वाचली त्यांतली कितीतरी सुखवस्तू वस्त्यांत आहेत, जिथे वाचकाला पूर्ण किंमत देणे जड जात नाही. गरीब गावातले दुकान गेले ते गेलेच.

भारतात या वादाचे रूप निराळे आहे, कारण येथे ठरीव किमतीचा कायदा कधी झालाच नाही. उलट २००२ च्या स्पर्धाकायद्याने विक्रेत्यावर किमान विक्रीकिंमत लादणे हा प्रकार संशयास्पद व्यवहारांत घातला. छापलेली किंमत ही कमाल. तिच्याखाली कितीही उतरण्यास मुभा. आणि या देशातले सर्वांत लाडके पुस्तकदुकान सवलतीसाठीच प्रसिद्ध होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात थोड्याशा जागेत 'स्ट्रँड बुक स्टॉल' सुरू केला; पुढे तो फोर्टमध्ये गेला. इतरत्र न परवडणारे इंग्रजी पुस्तक तेथे परवडे. ते परवडावे हाच मालकांचा आग्रह होता. मग शानभाग आणि महाकाय कंपन्या यांत फरक तो काय? फरक असा, की शानभागांची सवलत त्यांच्या स्वतःच्या नफ्यातून आणि चोखंदळ खरेदीतून निघत होती, आणि ज्याच्या हातात ते पुस्तक ठेवीत त्या वाचकाला ते ओळखत होते. दुसऱ्या कुठल्या मालाच्या नफ्यातून किंवा उसन्या भांडवलातून ती येत नव्हती. १८५२ मधला चॅपमनही अशाच जातीचा सवलतदार होता. डिकन्सप्रभृतींनी त्याची बाजू घेतली यात त्यांची चूक नव्हती. सवलत ही अस्त्रासारखी आहे, आणि तिच्या बळाचा उगम कोठे आहे हे त्यांच्या काळी निराळे पाहण्याची गरज पडली नव्हती. शानभाग २००९ मध्ये निवर्तले. दुकान फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले.

मराठी ग्रंथव्यवहारात तर विक्रेत्याच्या पायाखालची वाळू काढण्याचे काम परक्या कंपन्यांच्या आधी घरच्यांनीच केले आहे. प्रकाशनपूर्व सवलत, प्रदर्शनातील सवलत, संमेलनाच्या मांडवातील सवलत, अशा रीतीने प्रकाशकच वाचकाला शिकवीत आला, की छापील किंमत ही द्यायची नसते. जो विक्रेता वर्षभर दुकान उघडे ठेवून तेच पुस्तक पूर्ण किमतीला विकतो तो मग वाचकाला लबाड वाटू लागतो. मॅकमिलनने १८९० मध्ये जे दुखणे ओळखले ते हेच.

बेंगळुरात हा सारा इतिहास एका रस्त्याच्या परिसरात एकत्र आलेला दिसतो. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ मध्ये याच शहरात निघाली, आणि तिनेही आरंभ केला तो पुस्तकांपासूनच. शानभागांचे पुतणे टी. एस. शानभाग काकांच्या मुंबईच्या दुकानात उमेदवारी करून या शहरात आले होते. चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्याजवळचे त्यांचे 'प्रीमियर' हे दुकान २००९ मध्ये बंद झाले. छतापर्यंत रचलेल्या ढिगांतून हवे ते पुस्तक ते न चुकता काढून देत. ऑनलाइन विक्रीचा भारतात जोर होण्याआधीच ते मिटले. त्याला जागेची अडचण भोवली, आणि शहरातली जागा व तिचे भाडे यांनी मारलेल्या दुकानांचा हिशेब स्वस्त विक्रेत्यांच्या नावे मांडण्याची जी सवय लागली आहे ती बरी नव्हे.

त्याच चर्च स्ट्रीटवर आज 'ब्लॉसम' आणि 'बुकवर्म' ही दुकाने आहेत. दोघांच्याही मालकांनी आरंभी पदपथावर जुनी पुस्तके विकली. 'ब्लॉसम'च्या मजल्यांवर नव्या पुस्तकांशेजारी जुनी पुस्तके उभी असतात. जुन्या पुस्तकाची छापील किंमत कधीच कालबाह्य झालेली असते. त्याची प्रत बहुधा एकच असते, आणि तिची किंमत ती हातात घेऊन पाहणारा विक्रेताच पेन्सिलीने पहिल्या पानावर लिहितो.